बी साइडचे पैसे

सकाळी सहा

उठल्यावर आधी डबा उघडतो, चहा नंतर. डबा आईच्या दिवाळीच्या चिवड्याचा, ॲल्युमिनियमचा. आता त्यात गिऱ्हाइकांच्या कॅसेटी असतात आणि तळाशी सिलिका जेलच्या पुड्या. ऑगस्टचा पाऊस नाशकात एकदा लागला की चार-चार दिवस उन्हाचं नाव नाही, आणि रिळाला बुरशी चढायला तेवढं पुरतं. पुडीतले निळे दाणे गुलाबी दिसले म्हणजे त्यांचं पोट भरलं. मग ते तव्यावर कोरडे करायचे. त्यासाठी वेगळा तवा आहे. पहिल्या वेळी पोळ्यांचा घेतला होता, तेव्हा काय ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही.

माझा धंदा असा की लोक जुन्या कॅसेटी आणून देतात आणि मी त्या पेन ड्राइव्हवर भरून देतो. आजोबांचं कीर्तन, बारशातला गोंगाट, मुंजीतल्या मंगलाष्टका, आकाशवाणीवरून भरून घेतलेलं नाट्यसंगीत. इंदिरानगरातल्या घराची पुढची खोली हेच दुकान, पाटी नाही. दर एका बाजूला दीडशे रुपये. कॅसेट जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ लागतो, त्यात घाई चालत नाही, म्हणून दर बाजूवर.

काल रात्री राजीवनगरचे एक गृहस्थ नऊ कॅसेटी देऊन गेले. अंबडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, साठीच्या आसपासचे, केस तेल लावून चापून बसवलेले. मी भजनं असतील असं धरून चाललो होतो. निघालं सगळं हेवी रॉक आणि मेटल. दोन वर्षांत असा डबा पहिलाच. मी हरखून काही बोलणार तोच ते म्हणाले, “फक्त ए साइड करा. बी साइड मी कधी ऐकलीच नाही. तिचे पैसे कशाला?”

हिशेब बरोबर होता. मला रात्री झोप नीट लागली नाही.

सात

जॉगिंग ट्रॅकवर दोन फेऱ्या, पाऊस भुरभुर. मोदकेश्वराला बाहेरूनच नमस्कार. पांडवलेण्यांचा डोंगर ढगात गेलेला, दिसत नाही.

बायको शाळेत शिकवते. ती निघताना चपला घालत म्हणाली, “अहो, दोन्ही बाजू करणार असाल तर दोन्हींचे पैसे घ्या. नाहीतर करू नका. मध्येच काहीतरी करू नका.” पंचवीस वर्षं माझं मध्येच काहीतरी चालू आहे, हे तिला माहीत आहे.

साडेआठ

डेक उघडला. हेड, कॅप्स्टन आणि पिंच रोलर स्पिरिटने पुसायचे. कापसाच्या काडीवर जो तपकिरी डाग येतो तो कुणाच्या तरी गाण्याचा असतो. रिळावरचा आयर्न ऑक्साइडचा थर झिजतो आणि हेडला चिकटतो. काल एका लग्नाची कॅसेट चालली होती, तेव्हा आजचा डाग बहुधा सनई-चौघड्याचा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण आजचा सगळा दिवस तिच्यावरून चालला आहे. कॅसेट फिलिप्स कंपनीत लू ओटेन्स या इंजिनिअरच्या हाताखाली तयार झाली आणि 1963 साली बाजारात आली. आतली फीत 3.81 मिलिमीटर रुंद. साधारण गव्हाच्या दाण्याएवढी म्हणू. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरने सरकते. लोकांना वाटतं, बी साइड म्हणजे फितीची मागची बाजू, कागदाची पाठ असावी तशी. तसं नाही. फितीच्या एकाच अंगावर ए आणि बी शेजारी-शेजारी असतात, वरच्या अर्ध्यात एक आणि खालच्या अर्ध्यात दुसरी. फक्त त्यांची तोंडं विरुद्ध दिशांना.

म्हणजे ए साइड वाजते तेव्हा बी साइडही हेडवरून घासतच जाते. उलटी आणि मुकी. या गृहस्थांनी बी साइड कधी ऐकली नाही, पण वर्षानुवर्षं ते ती झिजवत आले आहेत.

नऊच्या नऊ कॅसेटी ए साइडच्या सुरुवातीला आणून ठेवलेल्या. सगळं रीळ डाव्या चकतीवर, घट्ट, एकसारखं. अर्ध्यात सोडलेली एकही नाही. हा माणूस ऐकून झाल्यावर कॅसेट उलटत नव्हता, पुन्हा मागे गुंडाळत होता. असं का करत असेल कुणी? चकतीच्या दात्यांवर बारीक लाल रंग लागलेला आहे, म्हणजे नटराज पेन्सिल घालून हाताने फिरवलेली. सेल वाचवायला आम्हीही तसंच करायचो. पण मग एवढी मेहनत करण्यापेक्षा उलटून बी साइड लावणं सोपं नव्हतं का?

साडेनऊ

पहिली कॅसेट रॉक मशीनची, ‘रॉक अँड रोल रेनेगेड’, 1988. मुंबईचा बँड, 1984 साली जमलेला. उदय बेनेगल गातो, महेश तिनईकरची गिटार, झुबिन बालापोरियाचा कीबोर्ड. त्या वेळी आपल्याकडचे रॉक बँड दुसऱ्यांची गाणी हुबेहूब वाजवायचे आणि त्यावरच त्यांची किंमत ठरायची. कोणता गिटारवाला डीप पर्पलचं वादन जसंच्या तसं काढतो, यावर नाक्यावर पैजा लागत. अशात हे लोक स्वतःची गाणी घेऊन उभे राहिले आणि अल्बम काढला. प्रेक्षक खालून ओरडत असत ते मात्र परदेशी गाण्यांच्या फर्माइशी.

हेडला एक छोटा स्क्रू असतो. तो पाव आटा फिरवला की हेडचा कोन बदलतो आणि बुजलेला आवाज एकदम खुलतो, खिडकीची काच पुसल्यासारखा. याला ॲझिमथ म्हणतात. कंपनीत भरलेल्या कॅसेटीला स्क्रूला फारसा हात लावावा लागत नाही. दुकानात भरून घेतलेल्या कॅसेटीला लागतो, आणि एका दुकानातल्या सगळ्या कॅसेटींना सारखाच, कारण त्या दुकानदाराच्या डेकचं हेड तेवढंच वाकडं. बुबुळं न पाहता नुसत्या चष्म्याच्या नंबरावरून माणूस ओळखावा, तसं मी दुकान ओळखतो. या डब्यातल्या पाच कॅसेटी एकाच दुकानातल्या आहेत.

ए साइड झाली. फाइल ठेवली. नंतर उलटली. मध्येच काहीतरी.

ऐकताना प्रामाणिक राहायचं ठरवलं होतं. ‘आपले’ म्हणून दहा मार्क जास्त द्यायचे नाहीत. गिटार आणि कीबोर्डची बांधणी आजही पक्की आहे, आवाज चढतो तिथे फाटत नाही, समूहाने धरलेली धृपदं हुकमी. शब्द मात्र कुठलेही असू शकतात. त्यातली रात्र, रस्ता आणि बंडखोर माणूस ना दादरचा वाटतो ना अमेरिकेतला, सिनेमाच्या पोस्टरवरचा वाटतो. ही खोट त्यांनाही जाणवली असावी. 1990 साली दुसरा अल्बम ‘द सेकंड कमिंग’ आला आणि 1993 साली त्यांनी नावच बदलून इंडस क्रीड केलं. त्या नावाचा 1995 चा अल्बम घेतला तर तोच बँड आपल्या मातीच्या जवळ सरकलेला ऐकू येतो. पुढे बँड फुटला, 2010 साली पुन्हा जमला आणि 2012 साली ‘इव्हॉल्व्ह’ काढला. माझ्या मते तोच त्यांचा सगळ्यात जड आणि सगळ्यात कमी ऐकलेला अल्बम. लोकांना 1988 चं पहिलेपण आठवतं. पहिलेपणाचा असा त्रास असतो, पुढचं कुणी ऐकत नाही.

अकरा

लाइट गेली. यूपीएसवर रेकॉर्डिंग पूर्ण होईल एवढा दम असतो, पण व्होल्टेज हलला की मोटरचा वेग हलतो आणि गाणारा जरा दारू प्यायल्यासारखा लागतो. ती बाजू पुन्हा करावी लागणार. मधल्या वेळात पोहे.

बारा

कोचीनच्या ‘थर्टीन एडी’चा ‘ग्राउंड झिरो’, 1990. महाराष्ट्राबाहेरचा असला तरी त्या काळात नाशकात पोचलेला. कसा पोचला असेल? कुणीतरी नेव्हीतला मामा असणार. तेव्हा संगीत माणसांच्या बॅगांतून फिरायचं.

ए साइड चालू असताना मला रंगभवन आठवलं. मुंबईत धोबी तलावाजवळचं उघडं नाट्यगृह. तिथे 1986 पासून फरहाद वाडिया यांचा ‘इंडिपेंडन्स रॉक’ व्हायचा, पंधरा ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे भर पावसात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही तिघं मित्र पंचवटी एक्स्प्रेसने गेलो होतो. पासवाल्या काकांनी आमचे काळे टी-शर्ट पाहून विचारलं, “कोण गेलं रे?” रंगभवनाला छप्पर नव्हतं. पाऊस पडतोय, ॲम्प्लिफायरवर प्लास्टिक टाकलंय, आणि चिखलात शेकडो मुलं माना हलवतायत. परतीला मिळेल त्या गाडीच्या जनरल डब्यात दाराशी उभं राहून इगतपुरीपर्यंत कानांत नुसती शीळ. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयं, शाळा आणि न्यायालयांभोवती शंभर मीटरची शांतता क्षेत्रं आखली. रंगभवनाच्या शेजारी कॉलेजही होतं आणि रुग्णालयही. 2003 नंतर तिथला मोठा आवाज बंद झाला. आजारी माणसाच्या उशाशी मेटल वाजू नये हे मला पटतं. तरी त्या जागेवरून जाताना अजूनही कानांत शीळ सुरू होते.

त्याआधीच्या पिढीचं तर कुणी नावही घेत नाही. मुंबईत ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ नावाचा बँड होता. कीथ कांगा, नील चट्टोपाध्याय, गायक मधुकर दास. त्यांच्या अल्बमचं नाव ‘ऑब्सेशन 77’, आणि तो बाजारात आला 1981 साली, बँड मोडल्यावर. नावावर एक साल, बाहेर यायचं दुसरंच. माणसं पांगली, गाणी छापून आली. मग 2011 साली अमेरिकेतल्या नाउ-अगेन या कंपनीने तो नव्याने काढला, तेव्हा परदेशी संग्राहक जुन्या एलपीसाठी वाटेल ती किंमत मोजायला लागले. इथे कुणाच्या माळ्यावर ती पडून असेल तर रद्दीत देण्याआधी मला फोन करावा, एवढंच.

हाच मधुकर दास ॲलेक पदमसींनी 1974 साली मुंबईत केलेल्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये येशू होता. आणि ज्यूडास कोण? आपला नंदू भेंडे. आत्माराम भेंड्यांचा मुलगा. बापाच्या फार्सने आमच्या घरातल्या म्हाताऱ्या हसून डोळे पुसायच्या, आणि मुलगा इंग्रजीत रॉक गात होता. चारच वर्षांनी, 1978 साली, पु. ल. देशपांड्यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त तो अंकुश झाला. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, पुण्याची थिएटर अकॅडमी. एकाच नाटकात लावणीच्या, नाट्यपदाच्या वळणाची गाणी आणि त्यांच्या शेजारी नंदूचं रॉक. मराठी रंगमंचावर हे उघड-उघड घडून गेलं, टाळ्या मिळाल्या, आणि पुढच्या पिढीला सांगायचं राहून गेलं. ‘डिस्को डान्सर’मधलं ‘कृष्णा धरती पे आजा तू’ मात्र लोकांना पाठ आहे, फक्त ते गाणारा तोच, हे माहीत नसतं. 2014 साली तो गेला. मराठी आणि रॉक हे शब्द एका वाक्यात घेतले की लोक मला हसतात, तेव्हा मी वाद न घालता त्याचं नाव घेतो.

दीड

जेवण. कारल्याची भाजी. यावर अधिक काही नाही.

अडीच

डब्यातली सगळ्यात मळकी कॅसेट. दुकानातून भरलेली, वर बॉलपेनने ‘ब्लॅक सबाथ – बॉन अगेन’. ‘बॉर्न’मधला र दुकानदाराने खाल्लेला.

1983 चा हा अल्बम म्हणजे घराण्यातलं न सांगायचं लग्न. सबाथचा गायक सोडून गेलेला, त्याच्या जागी डीप पर्पलचा इयन गिलन आला. दोन मोठी घराणी, एकच पंगत. ब्रिटनमध्ये तेव्हा तो चौथ्या क्रमांकापर्यंत गेला. दौऱ्यासाठी स्टोनहेंजच्या दगडांचा देखावा बनवला तो इतका अवाढव्य निघाला की बहुतेक स्टेजवर मावेना. वर्षभरात गिलन गेला, आणि मग सगळ्यांनी ठरवलं की हा अल्बम झालाच नाही.

माझं आणि त्याचं भांडण वेगळं होतं. कॉलेजात असताना माझ्याकडेही याच दुकानातली प्रत होती. आवाज सगळा चिखल. कांबळं पांघरून वाजवल्यासारखा. मी वीस वर्षं त्या दुकानदाराला मनात शिव्या दिल्या. पुढे खरी सीडी हाती आली, लावली, आणि तीही चिखलच! अल्बमचं मिक्सिंगच तसं गढूळ आहे, हे जगजाहीर होतं, फक्त मला ठाऊक नव्हतं. दुकानदाराने त्यात आपल्या वाटचं थोडं पाणी घातलं, एवढंच. आज स्क्रू फिरवून तेवढं तरी काढून टाकलं. उरलेल्या गढूळपणाखाली गिलन असा काही किंचाळतो की अंगावर काटा येतो, आणि खालून गिटार आणि बास चिखलातून बैलगाडी काढावी तशा ओढत असतात. स्वच्छ आवाजात हा अल्बम इतका भीतिदायक लागला नसता, असं मला आता वाटतं. हे मत मागे घ्यायची वेळ आली तर घेईन.

तेवढ्यात बेल. सिन्नरकडच्या एका गावचे बाबा आले होते, वडिलांच्या भजनाची कॅसेट न्यायला. तेही अंबडला प्रेस शॉपमध्ये होते. पैसे मोजताना दिसलं, डाव्या हाताची तर्जनी वरच्या पेरापासून नाही. अंबड-सातपूरच्या जुन्या कामगारांत असा हात दिसला तर कुणी विचारत नाही.

स्पीकर चालूच होता. ते ऐकत उभे राहिले. “हे कोण वाजवतंय?”

मी म्हटलं, टोनी आयोमी. तोही पत्र्याच्या कारखान्यात होता, विलायतेत बर्मिंगहॅमला. 1965 साली, सतरा वर्षांचा असताना, नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये उजव्या हाताची मधली दोन बोटं सापडली, शेंडे गेले. डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचा हात तोच. बॉसने दवाखान्यानंतर त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली. जँगोची दोन बोटं आगीत निकामी झाली होती आणि तरी तो गिटार वाजवायचा. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर कातडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या. आणि पुढे ताण कमी व्हावा म्हणून सगळी गिटार तीन पट्ट्या खाली उतरवली. 1970 साली पहिला अल्बम आला, पुढच्या वर्षी तिसऱ्यात हा उतरलेला सूर. जगभरच्या मेटलचा जडपणा असा आला, दुखऱ्या बोटाला तार टोचू नये म्हणून.

बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, “त्या मशीनला दोन हातांचं बटण नसणार.”

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, अशी सोय असली की हात आत राहूच शकत नाही. “आणि असतं तरी,” ते पुढे म्हणाले, “टार्गेट गाठायला लोक एका बटणात पाचर मारून ठेवायचे.” स्वतःचं कसं झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

जाताना दारात पुन्हा थांबले. “पट्टी उतरवली म्हणालात ना? आमच्याकडे पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात. त्याशिवाय तो घुमत नाही. नुसता टणटण करतो.”

मेटलवर मी बरंच काही वाचलं आहे. कणकेपर्यंत कुणी पोचलेलं नाही.

पाच

शेजारचा मुलगा आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ढोल पथकात आहे, मेटल ऐकतो, आणि मला ‘काका’ म्हणत म्हणत माझी रोज परीक्षा घेतो. डेकमध्ये फिरणारी चकती त्याला यज्ञासारखी वाटते, बसून बघत राहतो.

“काका, गाणं आवडलं नाही तर स्किप कसं करायचे?”

“करत नव्हतो. पुढे पळवलं तर नेमकं कुठे थांबायचं कळत नसे. त्यापेक्षा ऐकून घ्यायचो.”

“मग तसं आवडायचं पण?”

पाचव्या-सहाव्या वेळी आवडायचं. हे त्याला सांगितलं तर त्याने माझ्याकडे, मी विहिरीवरून पाणी आणायचो असं सांगितल्यासारखं पाहिलं.

त्याने त्याच्या फोनवरून मला मुंबईच्या डेमोनिक रिझरेक्शनचा ‘दशावतार’ ऐकवला, 2017 चा. साहिल मखिजाचा बँड, 2000 साली सुरू झालेला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराचं एकेक गाणं. वराह घुसतो तेव्हा ढोलक्यांची आणि ड्रमची जी गर्दी उठते, त्यात कोकणातल्या दशावतारी खेळाची रात्र आठवली. अर्थात तिथे पेटी आणि झांज. हाच साहिल यूट्यूबवर ‘हेडबँगर्स किचन’ म्हणून स्वयंपाक शिकवतो. बायकोने त्याचा एक पदार्थ करून पाहिला आहे आणि त्याचं गाणं ऐकायला नकार दिला आहे.

मग मी कपाटातून सीड्या काढल्या. भयानक मौतचा ‘मॅन’, 2014. स्क्राइबचा ‘हेल मोगॅम्बो’, त्याच वर्षीचा. सेप्टरचा ‘एज ऑफ कॅलॅमिटी’, 2013, स्त्रियांवरच्या अत्याचारांवर बेतलेला. तिन्ही मुंबईचे. बँडचं नाव ‘भयानक मौत’ आहे म्हटल्यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याच्या मते ते नाव नाटकाचं आहे. मग ‘मॅन’ लावला आणि हसणं थांबलं. त्या अल्बममध्ये दोन गायक आहेत, आणि ते एकमेकांशी भांडत नाहीत, दोघं मिळून ऐकणाऱ्याशी भांडतात. इतकं सुबक, इतकं रागीट काम आपल्याकडे झालं, आणि दहा वर्षांत त्याची आठवण काढणारी माणसं एका रिक्षात बसतील एवढी उरली.

“2014?” तो म्हणाला. “जुनं आहे, काका.”

जुनं. मी 2008 सालची गोष्ट सांगायला सुरुवात केली होती, एक फेब्रुवारीला आयर्न मेडन मुंबईत आले, जगभराच्या दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम वांद्रे-कुर्ला संकुलात, विमान खास त्यांच्यासाठीचं आणि चालवायला त्यांचा गायकच. ती गोष्ट मी तशीच गिळली. तेव्हा हा बालवाडीत होता.

सीडीला बी साइड नसते, त्यामुळे या अल्बमांचं विसरणं निराळं. इथे कॅसेट न उलटणारा माणूस नाही, पुढचं गाणं आपोआप लावणारं यंत्र आहे. पहिल्या तीस सेकंदांत पटलं नाही की दुसरं. त्यात झिजतही नाही काही. न झिजता हरवण्याची ही तऱ्हा मला अजून नीट कळलेली नाही.

सात

राजीवनगरचे गृहस्थ अर्धा तास उशिरा आले. इथल्या बोगद्याच्या कोंडीत अडकले होते. इंदिरानगरात उशिराचं कारण कुणी दुसरं सांगत नाही, आणि सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही.

नऊ बाजूंचे साडेतेराशे त्यांनी मोजून ठेवले. मी पेन ड्राइव्ह दिला आणि सांगितलं की बी साइडही भरल्या आहेत, वेगळ्या फोल्डरमध्ये, पैसे नकोत.

“मी सांगितलं नव्हतं.”

“नव्हतं.”

“मग?”

मी फितीचं सांगितलं, ए आणि बी शेजारी-शेजारी असतात ते, आणि घासण्याचं. प्रेसवाल्या बाबांसारखे तेही काही क्षण गप्प राहिले. मग मी धीर करून विचारलं, उलटायची सोडून मागे का गुंडाळत होतात?

“फर्स्ट शिफ्टची बस,” ते म्हणाले. “सहा पंचवीसला नाक्यावर यायची. दाढी, आंघोळ, चहा, बूट. ए साइड संपली की जिना उतरायचो. घड्याळ बघावं लागत नसे. शेवटचं गाणं लागलं की बुटांची लेस.” त्यांनी हाताने लेस बांधल्यासारखं केलं. “रात्री आल्यावर उद्यासाठी परत गुंडाळून ठेवायची. उलटून ठेवली आणि सकाळी चुकून दुसरीच बाजू लागली तर? तिची मिनिटं मला माहीत नव्हती. बस चुकली असती.”

तीस वर्षं एक माणूस कंपनीच्या बसकडे ब्लॅक सबाथच्या घड्याळावर चालत गेला आणि बस कधी चुकली नाही. ‘बॉर्न अगेन’चं परीक्षण लिहिणाऱ्यांपैकी कुणी तो इतक्या वेळा ऐकला असेल असं मला वाटत नाही. अर्धाच, पण इतक्या वेळा.

मी म्हटलं, कॅसेटी ठेवून जाताय का? काल ते टाकून द्या म्हणाले होते. त्यांनी डब्यात पाहिलं. “असू द्या,” म्हणाले, आणि मला वाटलं माझ्यासाठी असू द्या. मी हात पुढे केला. त्यांनी नऊही उचलून रेनकोटाच्या खिशांत कोंबल्या. “घरात टेप आहे अजून. बेल्ट तुटलाय. बेल्ट मिळतो का कुठे?”

माझ्याकडे होता. साठ रुपये सांगितले. त्यांनी चाळीस दिले.

साडेआठ

पथकाची तालीम. गणपती तीन आठवड्यांवर आले, पटांगणात पत्र्याच्या शेडखाली तीसेक ढोल. नाशिक ढोल आता परदेशातल्या लग्नांतही वाजतो म्हणतात, पण तो ऐकायचा तो ओल्या मातीत उभं राहून. कानाआधी पोटात पोचतो. मघाचा मुलगा दुसऱ्या रांगेत होता, कमरेला ढोल, मान तश्शीच हलवत, जशी आम्ही रंगभवनात हलवायचो. टिपरू पडलं की ओळ बदलायची आणि सगळे एकदम थांबायचे. ते थांबणंच खरं अवघड असतं. मेटलवाल्यांनाही तिथेच घाम फुटतो.

जवळच्या बाकावर दोन आज्या गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला आज किती पाणी लागलं यावर बोलत होत्या. एक म्हणाली गुडघ्यापर्यंत, दुसरी कमरेपर्यंत. धरणातून सोडलेलं पाणी किती क्युसेक, ते पेपरात येतं. नाशकाला ते मारुतीच्या अंगावर मोजल्याशिवाय कळत नाही. माझ्या डेकच्या काट्यांवरही आकडे आहेत, पण शिकवणीला आलेल्या पोराला मी सांगतो की लेव्हल मारुतीच्या छातीपर्यंत येऊ दे, टोपीला लागता कामा नये.

दहा

दहानंतर स्पीकर बंद, हेडफोन. कायदाही आहे आणि बायकोही.

सकाळी लाइट गेली तेव्हाची रॉक मशीनची बाजू पुन्हा करायची राहिली होती, आणि कॅसेट तर रेनकोटाच्या खिशातून राजीवनगरला गेली. लक्षात आलं तेव्हा हसूच आलं. त्यांच्या पेन ड्राइव्हवर एक बाजू जरा पिऊन गेलेली आहे. फाइल उघडून पाहिली. सुदैवाने बी साइडच.

सिलिका जेलच्या पुड्या पाहिल्या. सकाळी कोरड्या केलेल्या, निम्म्या पुन्हा गुलाबी. उद्या एक लग्न आहे, 1987 चं, तीन कॅसेटी, सहा बाजू. नवरदेवाचा धाकटा भाऊ आणून देणार आहे. त्याने फोनवर विचारलं होतं की जेवणावळीचा भाग गाळला तर किती कमी होतील.